गाडीचं पाणी जातं कुठं?

बॉनेट उघडलं की एका कोपऱ्यात दुधी रंगाची प्लास्टिकची बाटली दिसते. तिच्यावर दोन रेघा असतात, वरची कमाल पातळीची आणि खालची किमान पातळीची. इंजिन थंड असताना कूलंट या दोन रेघांच्या मध्ये असायला हवं. वर्षाकाठी पातळी बोटभर खाली आली तर काळजीचं कारण नाही. पण महिन्या-दोन महिन्यांत भर घालावी लागत असेल, तर कुठंतरी गळती आहे असंच धरून चालावं. पेट्रोल जळतं, इंजिन ऑईलही थोडंफार जळतं. कूलंट मात्र बंद वाटेवरच फिरतं आणि खर्च होत नाही. त्यामुळे 'उन्हाळा आहे, थोडं कमी व्हायचंच' असं सांगून कुणी बाटलीत पाणी ओतून देत असेल, तर त्याचे आभार माना, पण त्याला दुरुस्ती समजू नका.

इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच गाडी ओढायच्या कामी येते. जवळपास तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ही उष्णता सतत बाहेर काढावी लागते, आणि छोट्या हॅचबॅकमध्ये ते काम चार ते सहा लिटर द्रव करतो. वॉटर पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी, हा द्रव इंजिनाच्या पोटातून ढकलते. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅटमधलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि गरम द्रव वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये जातो. तिथं निवून तो खालच्या होजमधून परत इंजिनाकडं येतो. समोरच्या वाऱ्याने भागलं नाही तर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पंखा सुरू होतो. केबिनचा हीटर हा याच वाटेवरचा एक छोटा रेडिएटर. या सगळ्या वाटेवर डझनभर तरी सांधे आहेत आणि गळती त्यांतल्या कुठूनही होऊ शकते.

बहुतेक गाड्यांत हा द्रव म्हणजे निम्मं क्षारविरहित पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असतो, वर गंजरोधक रसायनं मिसळलेली असतात. महाराष्ट्रात पाणी गोठायची भीती कुठली, मग नुसतं पाणी का नको, असं बरेच जण विचारतात. याचं उत्तर गंजरोधकांत आणि उकळबिंदूत आहे. नुसत्या पाण्याने लोखंडी भाग गंजतात, अॅल्युमिनियम खाल्लं जातं, आणि बोअरचं जड पाणी असेल तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षारांचा थर बसतो. दुसरं असं, की साधं पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तिथं उघड्या भांड्यातलं पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळी धरतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उकळबिंदू १०७ च्या घरात जातो. आणि त्यावर दाब दिला की आणखी चढतो.

हा दाब रेडिएटरचं टोपण देतं. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो बारमधला दाब. स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीचं काम इथं हे टोपण करतं. आतला दाब तेवढा होईपर्यंत स्प्रिंग झडप दाबून धरते, त्याहून वाढला की जादा द्रव बाटलीत सोडते. वातावरणाच्या वर एक बार दाब असला तर निम्म्या-निम्म्या मिश्रणाला उकळायला १२९ अंशांच्या आसपास तापावं लागतं. टोपणात मध्यभागी आणखी एक छोटी झडप असते. इंजिन निवलं की आतला द्रव आकसतो, पोकळी तयार होते आणि ही झडप उघडून बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढून घेतलं जातं. काही गाड्यांत बाटलीच दाबाखाली असते आणि दाबाचं टोपण तिच्यावरच असतं. आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे, हे आधी पाहून ठेवा.

गळती लागली की द्रव कमी होतो, हे दिसतं. दाब टिकत नाही, हे दिसत नाही. दाब गेला की उकळबिंदू उतरतो, सिलिंडर हेडच्या सर्वांत तापलेल्या भागांत वाफेचे बुडबुडे धरतात, आणि वाफ द्रवाइतकी उष्णता वाहून नेत नाही. तिथलं अॅल्युमिनियम तापून वाकतं. त्यातच अनेक छोट्या गाड्यांत आता तापमानाचा काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. भोवतीचा द्रव गेला आणि तो हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजत असताना दिवा गप्प राहू शकतो. म्हणून दिव्याच्या भरवशावर न राहता आठवड्यातून एकदा बाटली पाहावी.

शोधाला लागण्याआधी एक ताकीद. इंजिन गरम असताना टोपण उघडायचं नाही. आतला द्रव शंभराच्या वर तापूनही दाबामुळे उकळलेला नसतो. टोपण सैल होताच दाब जातो आणि तो एका क्षणात वाफ होऊन तोंडावर उडतो. वरचा होज हाताने आरामात दाबता येईल इतका थंड होईपर्यंत थांबा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो, तेव्हा बोटं आणि कपड्यांची टोकं त्याच्यापासून लांब ठेवा.

पहिलं काम गळतीचा वेग मोजायचं. सपाट जागी उभ्या केलेल्या गाडीची पातळी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, मार्करच्या रेघेने नोंदवा आणि रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरा. पुठ्ठ्यावर ओल दिसली तरी लगेच घाबरू नका. दमट हवेत एसीमधून ग्लासभर पाणी सहज ठिबकतं. ते रंगहीन असतं, त्याला वास नसतो, वाळल्यावर डाग राहत नाही, आणि ते बहुधा डाव्या बाजूच्या पुढच्या सीटच्या पायांखालच्या भागात पडतं. कूलंट बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं, त्याला हिरवा, गुलाबी, लाल किंवा निळा रंग असतो आणि किंचित गोडसर वास येतो. वासावर थांबा, चव घेऊन पाहू नका. इथिलीन ग्लायकॉल विष आहे.

पुठ्ठा कोरडा आणि पातळी मात्र खाली, असंही होतं. कूलंट गरम धातूवर पडून उडून जातं किंवा इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यात साठतं. थेंब जमिनीवर पडलाच तरी जिथं पडला त्याच्या बरोबर वर गळती असेल असं नाही, कारण द्रव खाली उतरतो आणि धावत्या गाडीतल्या वाऱ्याने मागं ढकलला जातो. इंजिनावरची सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची; तिच्या खालचं आणि मागचं सगळं ओघळाने भिजलेलं असतं. पुष्कळदा चुकीचा भाग बदलला जातो तो इथंच. खालचा होज ओला दिसला म्हणून तो बदलला, आणि गळती होती हातभर वर असलेल्या थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक घरात.

टॉर्च आणि दांडीचा छोटा आरसा घेऊन थंड इंजिन न्याहाळा. वाळलेलं कूलंट पांढरी, हिरवट किंवा गुलाबीसर खपली सोडून जातं, आणि ती खपली ओल्या थेंबापेक्षा जास्त खरं सांगते. होज हाताने दाबून पाहा. चांगला होज लवचीक असतो. फुगलेला, तेलाने मऊ पडलेला किंवा दाबताना कुरकुरणारा होज संपलेला असतो. क्लिपच्या कडेला, जिथं रबर वाकतं, तिथं चीर आहे का पाहा. वरचा होज गाडी निवल्यावर चपटा झालेला दिसला, तर टोपणातली ती छोटी झडप अडकली आहे हे निदान तिथल्या तिथं झालं. टोपणाच्या रबरी वायसरला चीर असेल किंवा तो कडक झाला असेल, तर टोपण बदला. हा या यंत्रणेतला जवळपास सर्वांत स्वस्त भाग आहे, आणि रेडिएटर बदलूनही पाणी जायचं थांबलं नाही अशा तक्रारींमागं हाच निघाल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

डोळ्यांनी सापडलं नाही तर दाब देऊन पाहायचं. माझ्या मते गळती शोधायला या परीक्षेइतकं भरवशाचं दुसरं काही नाही, आणि तिच्याशिवाय महागडे भाग बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीला ती आधी करायला लावावी. साधन साधं आहे: एक हातपंप, त्यावर दाबाचा काटा, आणि रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसणारं अडॅप्टर. इंजिन थंड, रेडिएटर काठोकाठ भरलेला, टोपणाच्या जागी हा पंप. टोपणावर १.१ कोरलं असेल तर काटा १.१ पर्यंतच न्यायचा, त्यावर नाही. जास्त दाबाने चांगला होज किंवा हीटरची नळीही फुटेल. मग हात काढून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं.

ही पंधरा मिनिटं कान आणि डोळे उघडे ठेवून काढायची असतात. काटा झरझर उतरला तर गळती मोठी आहे आणि थेंब लगेच दिसेल. हळूहळू उतरला तर प्रत्येक सांध्याखाली कोरड्या पांढऱ्या टिश्यूचं टोक टेकवून पाहा, रंग लागला की जागा सापडली. काही गळत्या थंड असतानाच होतात, कारण तापल्यावर रबर आणि प्लास्टिक फुगून फट बुजते. काही नेमक्या उलट, गरम झाल्यावरच उघडतात. म्हणून थंड इंजिनावर काटा ठाम राहिला तर इंजिन जरा कोमट करून पुन्हा हीच परीक्षा करायची. हा पंप हाताशी नसेल तर एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू करा, पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत थांबा आणि लांबूनच टॉर्चने पाहा. तेव्हाचा दाब गाडीने स्वतःच तयार केलेला असतो. अगदीच सापडत नसेल तर कूलंटमध्ये चमकणारा रंग घालून, दोन-चार दिवस गाडी चालवून अतिनील टॉर्चने तपासतात.

आता एकेका संशयिताकडं. हल्लीच्या रेडिएटरचं अंग अॅल्युमिनियमचं आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. टाकीच्या कडेवर पत्र्याचे छोटे दाते दुमडून, मध्ये रबरी पट्टी ठेवून हा जोड केलेला असतो. वर्षानुवर्षं तापून-निवून पट्टी कडक होते आणि दात्यांच्या रांगेत बारीक रंगीत खपली दिसू लागते. प्लास्टिकची टाकी पिवळट-तपकिरी पडली असेल आणि होजचं नळकांडं हाताला ठिसूळ लागत असेल, तर सारवासारव न करता रेडिएटरच बदलावा. पूर्वीच्या पद्मिनी-अँबेसेडरमध्ये तांब्या-पितळेचे रेडिएटर होते; पेठेतला रेडिएटरवाला ते उघडून नळ्यांत सळई फिरवायचा, फुटलेल्या नळीला डाख द्यायचा आणि हौदात बुडवून बुडबुडे तपासायचा. ती कारागिरी प्लास्टिकच्या टाकीवर चालत नाही.

वॉटर बॉडी मात्र आपली गळती स्वतःच सांगते, फक्त कुठं पाहायचं ते ठाऊक हवं. पंपाच्या आत एका दांड्याच्या टोकाला पाणी ढकलणारं पातं असतं आणि दुसऱ्या टोकाला पट्ट्याची पुली. मध्ये बेअरिंग. पाणी बेअरिंगकडं येऊ नये म्हणून कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन अगदी गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरत राहतात. पंपाचं सील ते हेच. पण कोणतंही सील कधीतरी झिजणारच, हे गृहीत धरून सील आणि बेअरिंगच्या मध्ये पंपाच्या अंगाला खालच्या बाजूने मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सीलमधून निसटलेलं कूलंट बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन न काढता या भोकातून बाहेर पडावं, ही ती योजना. भोकाच्या तोंडाशी नुसता सुकलेला पुसट डाग असेल तर तो पुसून लक्ष ठेवा. तिथून खाली रंगीत ओघळाची रेघ गेली असेल, तर सील संपलं. मग पट्टा काढून पुली हाताने वर-खाली हलवा. जराही खटका लागला, किंवा फिरवताना खरखर जाणवली, तर बेअरिंगही चाललं आहे. हे भोक एम-सीलने बुजवून 'गळती बंद केली' असं सांगणारे भेटतात. तसं केल्यावर कूलंट थेट बेअरिंगमध्ये जातं, आणि पंप एक दिवस जाम होऊन पट्टाच तोडतो. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथं बेल्ट तुटला तर व्हॉल्व वाकू शकतात. अशा गाड्यांत बेल्ट आणि पंप एकदमच बदलावेत.

गळती केबिनमध्ये असेल तर काचेवर आतून तेलकट धुकं चढतं, गोडसर वास येतो आणि डॅशबोर्डखालचं मॅटिंग ओलं लागतं. हीटरची जाळी, म्हणजे केबिनचा तो छोटा रेडिएटर, गेलेली असते. बदलायला डॅशबोर्डचा बराच भाग उघडावा लागतो, त्यामुळे आपल्याकडे बरेच जण इंजिनाजवळचे हीटरचे दोन होज एकमेकांना जोडून जाळीच वाटेतून काढून टाकतात. पावसाळ्यात काच साफ करायला हीटर लागतो, हे लक्षात ठेवून तो निर्णय घ्यावा.

बाहेर कुठंच ओल नाही, मॅटिंग कोरडं, आणि दाबाचा काटा तरी उतरतोय, अशा वेळी कूलंट इंजिनाच्या आत जात असतं. 'गाडी पाणी पिते' असं मिस्त्री म्हणतात ते हेच. बहुधा हेड गॅस्केट गेलेलं असतं. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरी, गोडसर वासाची वाफ येत राहते. थंड इंजिनावर दाबाचा हातपंप लावून गाडी सुरू केली तर काटा तापमान वाढायच्या आधीच झटकन चढतो, कारण सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्याच्या वाटेत घुसतो. याची खात्री करायला निळ्या द्रवाची एक नळी मिळते. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा तिच्यातून ओढली आणि द्रव पिवळा पडला, तर त्या हवेत जळालेला वायू आहे. स्पार्क प्लग काढले तर पाणी जाणाऱ्या सिलिंडरचा प्लग वाफेने धुऊन निघालेला, बाकीच्यांपेक्षा स्वच्छ दिसतो. ऑईलच्या टोपणाखाली कॉफीसारखा फेस दिसला म्हणून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तसा फेस धरतो. डिपस्टिक दुधाळ आली तर गोष्ट गंभीर, मग गाडी चालवू नये, ओढून न्यावी. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेडचं काम घरी करायचं नाही. पण गॅरेजमध्ये काय झालं पाहिजे ते गाडीमालकाला ठाऊक असावं. हेड उतरवल्यावर त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने सपाटी तपासली पाहिजे. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलीमीटरच्या आसपासचा वाक एवढीच मुभा असते. जास्त असेल तर लेथवाल्याकडं फेसिंग आणि चिरेसाठी दाबाची तपासणी. ज्या इंजिनांत हेडचे बोल्ट ताणून बसवायचे असतात तिथं ते नवेच लागतात, आणि मधून कडेकडं अशा क्रमाने टॉर्क रेंचनेच आवळावे लागतात. यातलं काही गाळून नुसतं नवं गॅस्केट घातलं, तर ते पुन्हा जाणार.

त्या मानाने होज बदलणं कुणालाही जमण्यासारखं आहे. इंजिन पूर्ण थंड करून खाली स्वच्छ परात ठेवा, रेडिएटरच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू उघडा आणि कूलंट काढून घ्या. जुना होज नळकांड्याला चिकटलेला असतो. तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिक फुटेल. ब्लेडने लांबीच्या दिशेने फक्त रबरापुरता चिरा आणि सोलून काढा. नळकांड्यावरची खपली बारीक पॉलिश पेपरने घासा. नवा होज नळकांड्याच्या उंचवट्यापलीकडं पूर्ण सरकवा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागं बसवा. कंपनीची स्प्रिंगची क्लिप चांगली असेल तर तीच वापरावी, कारण रबर तापून-निवून कमी-जास्त झालं तरी तिची पकड सारखी राहते. स्क्रूची क्लिप पिळून पिळून आवळली की रबर कापलं जातं.

वॉटर बॉडी बदलताना पुलीचे बोल्ट पट्टा काढायच्या आधीच सैल करा, नंतर पुली हातात फिरत राहते. जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडताना अॅल्युमिनियमवर ओरखडा उठू देऊ नका. तिथूनच नवी गळती सुरू होते. सीलंट लावायचा असेल तर बारीक रेघेएवढाच. जास्तीचा आतल्या बाजूला फुगून येतो आणि त्याची तार तुटून थर्मोस्टॅटमध्ये अडकते. सहा मिलीमीटरच्या छोट्या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलचा घ्यावा. थर्मोस्टॅट 'आपल्या हवेत लागत नाही' म्हणून काढून टाकायची सवय अजून आहे. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त जातं. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच आतली आडवाट बंद करतो, तिथं तो नसेल तर पाणी रेडिएटर टाळून फिरतं आणि गाडी उलट तापते.

भरायचं कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचंच हवं. रंगावर जाऊ नका. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या रसायनांची असू शकतात. डब्यावर ते तयार मिश्रण आहे की पाणी घालायचं आहे हे वाचा. दाट कूलंट तसंच ओतल्याने फायदा होत नाही, कारण ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं. पाणी घालायचं तर डिस्टिल्ड, बॅटरीत घालतात ते.

भरताना घाई केली तर हवा अडकते, आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते. शक्य असेल तर गाडीचं नाक चढाकडं करून उभी करा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा आणि बारीक धारेने ओता. दाबाचं टोपण रेडिएटरवर असलेल्या गाडीत टोपण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू करा. पातळी खाली जाईल तसं भरत राहा, बुडबुडे येत राहतील. पातळी फुगून वर आली तर ओतणं थांबवा आणि तोंड लांब ठेवा. वरचा होज एकाएकी गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला; त्यानंतर बुडबुडे थांबले की टोपण लावा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होऊ द्या. हीटरमधून गरम वारा यायला हवा. गार वारा आला किंवा डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आली, तर हवा अजून अडकलेली आहे. गाडी पूर्ण निवल्यावर पातळी पुन्हा भरायची. दाबाची बाटली असलेल्या गाड्यांत हा क्रम थोडा वेगळा असतो, तिथं मॅन्युअलचं ऐकावं.

हे सगळं अंगणात झालं. कसारा किंवा खंबाटकी घाटात लाल दिवा लागला, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, केबिनचा पंखा जोरात; हीटरमधून इंजिनाची थोडी उष्णता बाहेर जाते. पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि तासभर थांबा. तापलेल्या इंजिनावर बादली ओतू नका, धातूला चीर पडते. निवल्यावर नुसतं पिण्याचं पाणी भरून जवळच्या गॅरेजपर्यंत थांबत थांबत जाता येतं. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा पुष्कळांना माहीत आहे. हळदीचे कण फटीत साचून गळती खरंच मंदावते, पण ते रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही साचतात. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक पावडरीचंही तेच. जवळपास मदत नसलेल्या जागी एकदाचा उपाय म्हणून ठीक, मात्र नंतर सिस्टीम पूर्ण धुऊन काढावी लागते.

दुरुस्ती झाली की हातपंप लावून दाबाची परीक्षा पुन्हा करा, आणि इंजिनावरचे सगळे जुने डाग ओल्या फडक्याने पुसून टाका, म्हणजे नवीन डाग पडला तर ओळखू येईल. पहिले आठ दिवस रोज सकाळी पातळी पाहा. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती थोडी उतरू शकते, कारण उरलीसुरली हवा बाहेर पडते; त्यानंतर ती एका जागी थांबायला हवी. परातीत काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात ओतू नका. गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशाने त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. झाकणाच्या डब्यात भरा, वर ठळक अक्षरांत 'विष' लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, आणि जुनं ऑईल-कूलंट अधिकृत पुनर्वापरासाठी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन द्या. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरू नका.